एकवीस पूर्णांक नऊ

वीज मंडळात सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांचे मीटर तपासले.
आता हँडलवर माझा स्वतःचा आहे,
काडेपेटीएवढा,
आणि काही दे-घे करून ऐकणारा नाही.

डिसेंबरात एकोणीस पूर्णांक चार.
संक्रांतीला, तिळाच्या वड्या पोटात,
एकोणीस पूर्णांक तीन.

मला बावीस हवेत.
का हवेत ते विचारू नका,
घरच्यांचं विचारून झालंय.

मालगंजच्या हफीजभाईंनी
टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं,
आंबा दाबावा आणि घेऊ नये तसं.
"इतनी हवा में तो, मैडम,
सड़क आपको पकड़ के बैठी है."
त्यांनी पंप मारला, चेनीला तेल सोडलं, वीस रुपये घेतले.
दुसऱ्या दिवशी अर्धा किलोमीटर वाढून मिळाला.
त्याच्या पुढच्या अर्ध्याला तीन महिने लागले.

ओजस कानिटकर, वय चोवीस,
पोटऱ्या सागवानात कोरलेल्या,
गांधीनगरच्या पोह्यांच्या गाडीवर, जिरावण भुरभुरत म्हणाला:
मावशी, जड गियर म्हणजे ताकद नव्हे.
हलका घ्या, पाय भरभर फिरवा,
आणि निघतानाच जीव काढू नका.

बघा,
चढ आला की दात आवळायचे
एवढंच मला येत होतं.
बोटाखाली एक खटका असतो
हे एकावन्नाव्या वर्षी कळलं.

सुपर कॉरिडॉरवर जाताना वारा पाठीशी.
सव्वीसचा आकडा दिसतो,
मेट्रोचे खांब आपणहून बाजूला होतात,
वाटतं, सुधारलो आपण.
मग उज्जैन रोडच्या टोकाला वळायचं
आणि तोच वारा तोंडावर.
सतरा.
सव्वीस आणि सतरा,
कुणीही म्हणेल, साडेएकवीस.
मीटर म्हणतो, वीस पूर्णांक सहा.

चार दिवस मला वाटलं बिघडलाय.
मग रात्री पोळ्या लाटताना
शाळेतले गणिताचे खांडवेकर सर आठवले,
त्यांची ती आगगाडी,
जाताना एका वेगानं, येताना दुसऱ्या.
तेव्हा म्हटलं होतं, आगगाडीचं आगगाडी बघेल.
हळू चालतो तिथे वेळ जास्त जातो,
म्हणून सरासरीत हळूचंच वजन जास्त.
लाटणं हातात तसंच राहिलं.
पोळीला पापुद्रा सुटण्याऐवजी भोक पडलं.

म्हणजे सव्वीसचे अठ्ठावीस करण्यात अर्थ नाही.
सतराकडे जायला हवं.

तेव्हापासून जाताना मी दम राखते.
कुणी पुढे गेलं तर जाऊ देते
(हे सगळ्यात अवघड).
परतताना कोपरं वाकवून,
हनुवटी हँडलच्या जवळ नेऊन,
पोटाला घडी पडते ती पडू देऊन,
फक्त पुढच्या खांबापर्यंत अठरा.
मग त्याच्या पुढच्या.
ओठांवर धूळ, कानात नुसता फडफडाट,
आणि मांड्यांच्या आत, खूप खोल,
कुणीतरी नाराज माणूस.

आज मे महिन्यातला दुसरा रविवार.
साडेपाचला निघाले, वारा अजून उठायचा होता.
सुदामानगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी
बत्तीस किलोमीटर,
एकवीस पूर्णांक नऊ.

आता अशा वेळी घरी कोण जाईल?

मी आमच्या फाटकावरून पुढे गेले.
पण गल्लीत एक गाय आडवी बसलेली,
दूधवाल्याची मोटरसायकल,
आणि कुणाच्या तरी साखरपुड्याच्या मांडवाचे बांबू.
एकवीस पूर्णांक आठ.
पुन्हा वळले.
गच्चीवर झाडांना पाणी घालता घालता
टेमुर्णीकर काकांनी विचारलं,
"किल्ली विसरलात वाटतं?"
मान हलवायला वेळ नव्हता.
गायीला वळसा, बांबूंना वळसा,
सात.

तिसऱ्या फेरीला काका आत जाऊन आले होते.
आमची त्यांच्याकडे ठेवलेली किल्ली
त्यांनी वरून नेम धरून टाकली,
ती नेमकी माझ्या चाकापुढे खणकन पडली
आणि मला ब्रेक दाबावा लागला.